लाल कोटाचा गाणारा साहेब

मला गाण्याचं वावडं नाही, हे आधीच सांगून ठेवते. शिलाई मशीनवर बसले की माझं तोंड चालूच असतं. यवतमाळला लागून लोहाऱ्याच्या कारखान्यांच्या भागात शाळेचे गणवेश शिवायचं एक युनिट होतं. तिथं मी बाह्या जोडायची, आणि बाजूच्या मशीनवरची बाई मला रोज म्हणायची, "तुहा रेडिओ बंद कर न वं माय, माहं ध्यान जाऊन राह्यलं." पण गाण्यालाही काही जागा असते, काही वेळ असते. ज्या वॉर्डात सकाळी भरलेली खाट संध्याकाळी रिकामी दिसते, तिथं कोणी मोबाइलवर नाचगाणं लावलं तर माणसाचं डोकं फिरणार नाही तर काय होईल?

माझं फिरलं. चांगलंच फिरलं.

कापसाच्या वाईट वर्षांमधलं तेही एक वर्ष. कपाशी माणसाच्या डोक्यावर गेलती आणि बोंडाबोंडात अळी होती. जो तो फवारत होता. एका औषधानं भागलं नाही की त्यात दुसरं ओतत होता. माझा लहान भाऊ केळापूरच्या बाजूला राहतो. त्याला स्वतःचं वावर नाही. पाठीवर पंप घेऊन तो लोकांच्या शेतात मजुरीनं फवारायला जायचा. झाड कमरेइतकं असलं की औषध खाली मारता येतं. त्या वर्षी ते वर मारावं लागे आणि वर मारलेलं सगळं तोंडावर येई. एका दुपारी तो वावराच्या कडेला धुऱ्यावर बसला तो उठलाच नाही. शर्ट घामानं चिंब, तोंडाला फेस, आणि एकच बोलणं, "मले दिसून नाही राह्यलं."

त्याची बायको तेव्हा माहेरी बाळंत झालेली. पोरीचे पाच-सहा दिवसच झाले होते, आणि ह्यानं तिचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं. त्याला यवतमाळला दवाखान्यात आणला तेव्हा त्याच्यापाशी थांबायला माझ्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं. घर नवऱ्यावर टाकलं, युनिटमध्ये निरोप धाडला, आणि एक चादर घेऊन मी त्या वॉर्डात जाऊन बसले.

विषावरचं इंजेक्शन दिलं की माणूस भ्रमात जातो, हे मला तिथं कळलं. भाऊ डोळे उघडे ठेवून हवेतला कापूस वेचायचा. खरंच वेचायचा, बोटांची चिमूट करून, एका हातानं बोंड धरून दुसऱ्यानं ओढायचा, आणि पोटाशी नसलेल्या ओटीत टाकायचा. तो एकटाच नव्हता. त्या ओळीत जितके फवारणीवाले होते त्यांतले अर्धे असे वेचत पडलेले. पहिल्या दिवशी मी ते पाहिलं आणि पदरात तोंड खुपसून रडले. वेचता वेचता त्याच्या हाताला सलाईनची नळी लागायची, आणि ती तो उपटून टाकायचा. म्हणून सिस्टरनं त्याचे दोन्ही हात पट्टीनं खाटेच्या दांडीला बांधले.

"काय करू, ताई?" ती म्हणाली. वयानं माझ्याहून लहानच होती. "दोनदा उपटलं त्यानं. औषध आत गेलं नाही तर तो वाचनार कसा? शांत राह्यला तर मी स्वतः सोडते."

पण बांधलेला आंधळा माणूस शांत कसा राहील? ज्याला दिसत नाही त्याला वाटे, कोणी धरूनच ठेवलंय. "ताई, सोड न वं! कोनं बांधलं मले? काय केलं मी?" असं ओरडून ओरडून त्याचा घसा बसला. डॉक्टर म्हणाले, डोळे येतील असं वाटतं, पण वचन देत नाही. सध्या त्याला घाबरू देऊ नका, नाडी फार पळते आहे. मी मान हलवली. घाबरू देऊ नका! जणू घाबरवायचं बटन माझ्याच हातात होतं.

बाजूच्या खाटेवर ढाणकीचे एक चाचा होते. त्यांचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान. पंप नीट चालतो की नाही हे दुकानात पाणी भरून कळत नाही, म्हणून ते गिऱ्हाइकाच्या वावरात जाऊन, औषध भरलेला पंप स्वतःच्या पाठीवर घेऊन पाहायचे. गळका पंप सगळ्यात आधी पाठच भिजवतो. त्या महिन्यात पंप दुरुस्तीला रीघ लागलेली, आणि चाचांची पाठ रोजच भिजत होती. त्यांच्यापाशी चाची होत्या, पन्नाशीच्या, हडकुळ्या, हळू बोलणाऱ्या. मुलगा तिकडे दुकान सांभाळत होता. चाचांना दिसायचं, पण बोलताना धाप लागे. तरी बोलायचे. माझा भाऊ ओरडायला लागला की ते त्यांच्या खाटेवरून म्हणायचे, "अरे भाऊ, कायले जीव काढून राह्यला? मी हावो न इथं." आणि तो ऐकायचा. माझं ऐकत नव्हता, त्यांचं ऐकायचा. चाचा खोकले की तो तिकडे मान वळवी, धाप वाढली की विचारी, "चाचाले बसवा न, झोपवून कायले ठेवलं?"

आता त्या मोबाइलचं सांगते. आपल्याकडे चौकाचौकात मोबाइलचं मेमरी कार्ड भरून देणारे बसतात. कार्ड द्यायचं, काय पाहिजे ते तोंडी सांगायचं, तो कॉम्प्युटरमधून गठ्ठाच्या गठ्ठा त्यात लोटतो, आणि आपण खिशात घालून घरी येतो. उघडून कोणी पाहत नाही. चाचींनी निघायच्या घाईत ढाणकीच्या चौकात सांगितलं होतं, ह्यांच्यासाठी कव्वाल्या भर, जुनी गाणी भर. त्यानं कुठला गठ्ठा लोटला कोण जाणे. वॉर्डात बसून त्यांनी फोन उघडला तर बाकी काही सुरूच होईना. जे एक सुरू झालं ते इंग्रजांचं की आणखी कोणाचं, एक गाणारं नाटक होतं. स्टेजवर चाललेलं, समोर कॅमेरा लावून उतरवलेलं. पडदा, रंगवलेली घरं, खाली खड्ड्यात बसून वाजवणारे, आणि गोरी माणसं सगळं गाण्यातच बोलत होती. भांडणंही गाण्यात. एक जाडा साहेब लाल कोट घालून पोट पुढं काढून असा काही सूर लावत होता की वॉर्डातली भिंत हलावी.

तेव्हा माझा भाऊ नुकताच ओरडून दमला होता. समोरच्या खाटेवरचा पोरगा आदल्या दिवशी गेलेला. आणि इकडे हा जाड्या पोट धरून गातो, आणि त्या फोनमधले लोक खिदळतात! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"चाची, बंद करा ते बोंबलणं!" मी ओरडले. "लाज नाही वाटत का? इथं लोकं मरून राह्यले!"

चाची दचकल्या. "मैं तो कव्वाली बोली थी, बहन," त्या फोन उलटापालटा करत म्हणाल्या. "ये क्या भर के दिया उस मुए ने. बंद कैसा होता ये?" आणि त्यांना ते बंदच करता येईना. चार बायका त्यांच्याकडे पाहायला लागल्या. मी उठून फोन हिसकायला गेले.

तेवढ्यात भाऊ म्हणाला, "राहू दे न वं."

मी थबकले. कारण ते ओरडणं नव्हतं. बऱ्याच दिवसांनी त्याचा आवाज त्याच्यासारखा आला होता. "कोन गाऊन राह्यलं हे?" त्यानं विचारलं. त्याची बोटं चिमटीत नव्हती. उघडी पडली होती, आणि तो कान देऊन ऐकत होता. ते गाणं संपेपर्यंत तो तसाच पडून राहिला. औषधाचा ट्रे घेऊन आलेली सिस्टर थांबली, नाडी पाहिली, आणि माझ्याकडे न पाहता त्याच्या एका हाताची पट्टी सोडली.

मग काय बोलणार? मी चिंधीचा एक लांब तुकडा काढला, तो फोन दोन्ही खाटांच्या मधल्या सलाईनच्या दांडीला बांधला, आणि म्हणाले, "लावा, चाची. बोंबलू द्या त्याला."

म्हणजे मला ते आवडलं होतं असं नाही, बरं का. मुळीच नाही. पहिले दोन दिवस तर मी पाठ फिरवून बसायची. ते गाणं सुरू झालं की माझे कान किटायचे. मधली एक बाई तर इतका उंच सूर काढायची की मला वाटे, हिची कोणीतरी वेणी ओढून राह्यलं. पण भावाचा एक हात सुटला होता, मग दुसराही सुटला, आणि ते थांबलं की पाऊण तासात पुन्हा बांधायची वेळ यायची. म्हणून मी चार्जर लावायला व्हरांड्यात रांगेत उभी राहायची, आणि आणून पुन्हा लावायची. कडू काढा घ्यावा तसं मी ते घेत होते.

त्यात मी अडकले ती कपड्यांमुळे. एकदा सहज मान वळली आणि ती उंच सुराची बाई समोर होती. तिच्या बाह्या पाहिल्या अन् मी फोनजवळ सरकलेच. खांद्याशी भोपळ्याएवढा फुगा, आणि कोपरापासून मनगटापर्यंत अशी घट्ट की शिवण दिसत नव्हती. एवढं कापड त्या एवढ्याशा मुंढ्यात बसवलं कसं? चुण्या कुठं दाबल्या? मी नाक काचेला लावून पाहत होते. आणि त्या साहेबाचा लाल कोट! बटणं ताणलेली, एकेक टाका जीव धरून उभा. तो श्वास भरी तेव्हा माझाच जीव खालीवर व्हायचा की गेलं आता बटन. आणि एका लांबलचक सुराला ते खरंच गेलं. टप्पकन उडून खाली वाजवणाऱ्याच्या टकलावर पडलं, त्यानं वाजवता वाजवताच वर पाहिलं. मी हसले.

"काहून हसली वं?" भावानं लगेच विचारलं.

"काही नाही."

"सांग न. मले काय दिसते? नुसतं आयकू येते. काय चालू हाय?"

आता आली का पंचाईत! मला त्यांची भाषा ओ की ठो कळत नव्हती. पण तो मान माझ्याकडे करून वाट पाहत होता, आणि डोळे भलतीकडेच लागलेले. मी म्हटलं, "ऐक. एक ठानेदार हाय. जाडा. लाल कोट. गावात एक भजेवाली हाय, विधवा, तिच्यावर ह्याचा डोळा. पण तिचं मन हाय कढईवाल्या पोट्ट्यावर."

ते पाव भाजायचं दुकान होतं, पण पाव म्हणून काय रंगत येणार? मी त्याचं भज्यांचं हॉटेल केलं. साहेबामागे फिरणाऱ्या शिपायांत एक काटकुळा होता, त्याला मी हवालदार केलं. एक म्हातारी दर गाण्यात काठी आपटायची, ती भजेवालीची सासू झाली. पुढं तर मला थांबताच येईना. कोणी छातीवर हात ठेवून गायलं की मी सांगे, "म्हणे, तेल संपलं, डबल भाव झाला." दोघं एकमेकांकडे बोट करून गायले की "हा म्हणते उधारी कधी देतं, थो म्हणते उद्या." भाऊ हसायचा. बसलेल्या घशानं, खोकत खोकत, पण हसायचा. आणि चाचा तिकडून धापा टाकत भर घालायचे, "ठानेदारका पंप गळता हाय भाऊ, बटनातून हवा जाऊन राह्यली त्याची." मग दोघं हसायचे. चाची तोंडाला ओढणी लावायच्या. समोरच्या खाटेवर नवा आलेला माणूस शुद्धीवर आला तेव्हा त्याच्या बायकोनंही विचारलं, "मंग? देली का तिनं त्याले भजे?"

सगळ्यात आवडता भाग पिठाचा. साहेब रात्री चोरून दुकानात शिरतो. कोणी येतंय असं वाटून पीठ मळायच्या मोठ्या कोटंब्यात उडी मारतो, आणि बाहेर येतो तो नखशिखांत पांढरा. शिपाई समजतात भूत. सगळे पळतात, टेबलाखाली घुसतात, एकमेकांच्या पायात अडकून पडतात. आणि ह्याला इतकी गंमत वाटते की हा भुताचंच गाणं म्हणायला लागतो, हळू, खालच्या सुरात, एकेक पाऊल टाकत. मी त्याला बेसनात पाडलं. भाऊ ते दिवसातून चार चार वेळा लावायला सांगायचा.

आणि एक दिवस सकाळी, पाण्याच्या नळाशी कॅन घेऊन उभी असताना, माझ्या लक्षात आलं की मी भुताचं गाणं गुणगुणतेय. शब्द नाहीत, नुसती चाल. मला माझाच राग आला. वॉर्डात माणसं वेचून वेचून मरताहेत आणि तू काय गाऊन राह्यली बाई? पण राग दोन मिनिटंही टिकला नाही. कॅन भरेपर्यंत मी पुन्हा तेच गुणगुणत होते. खरं सांगते, त्या जागेत मला दुसरं काहीच चांगलं वाटत नव्हतं. जेवण चांगलं वाटत नव्हतं, झोप चांगली वाटत नव्हती. तो लाल कोटवाला दिसला की बरं वाटायचं. माझ्या ओळखीचा झाला होता तो मेला.

मग एक मोठे पुढारी भेटायला येणार असं कळलं. सकाळपासून फिनाइलचा वास, खाटांवर नव्या चादरी, बायांना बाहेर काढलं, मोबाइल बंद. मी बंदोबस्ताच्या एका माणसाला विनवलं, "भाऊ, एवढं एक चालू राहू द्या, आवाज कमी करते." तो म्हणाला, "साहेबांसमोर हा तमाशा?" पुढारी यायला उशीर झाला. दुपार होईस्तोवर भाऊ पुन्हा हवेत कापूस वेचायला लागला होता, आणि लोक आत शिरले तेव्हा त्याचे दोन्ही हात पुन्हा दांडीला बांधलेले होते. मी दारातून पाहत होते, फोटोवाल्यानं ते जवळून टिपलं. पुढाऱ्यांनी त्याच्या पोटावर दोन केळी ठेवली. बांधलेल्या हातांनी ती घेणार कशी, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही, आणि आणखी कोणाच्याही नाही. ती केळी मी सालीसकट खिडकीतून फेकली.

त्याच संध्याकाळी चाचांची धाप वाढली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घशात नळी घातली आणि मशीन लावलं. बोलणं बंद. आता भावाला त्यांचा आवाज येईना, नुसता मशीनचा येई, फुस्स, टक, फुस्स, टक. तो सांगे, "चाचा, ठानेदार आला बरं का," आणि उत्तराची वाट पाही. चाची म्हणायच्या, "सुन रहे भाई, मान हिला रहे." चाचा मान हलवत नव्हते. त्यांचे डोळे मिटलेले होते. चाची मला म्हणाल्या, "उसको मत बोलना, बहन." मी कशाला बोलते?

त्या वॉर्डात कोणी गेलं की घरची बाई किंचाळायची. किंचाळणारच. पण त्या किंकाळीनं आजूबाजूच्या खाटा अशा उसळायच्या की सिस्टर पट्ट्या घेऊन धावायची. माझ्या भावाला त्यापायी दोनदा बांधलं होतं, आणि दुसऱ्या खेपेला त्याची नाडी इतकी पळाली की डॉक्टरांनी मला बाहेर उभं केलं. हे सगळं चाचींनी शेजारून पाहिलेलं होतं.

ती दुपारची वेळ. भाऊ बराच शांत होता, सकाळपासून काही बोलतही नव्हता, हात मोकळे छातीवर ठेवून पडलेला. चाचांच्या खाटेभोवती डॉक्टर आणि सिस्टर बराच वेळ उभे होते. मग मशीनचा आवाज थांबला. सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. मी चाचींकडे पाहिलं. त्यांनी ओढणीचा बोळा तोंडात कोंबला होता आणि दातांनी धरून ठेवला होता. मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. कसं धरलं असेल त्या बाईनं, अल्लाच जाणे.

मग त्यांनी बोळा काढला. माझ्याजवळ आल्या आणि रोजच्याच आवाजात म्हणाल्या, "बहन, वो आटे का लगाव ना. भाई को सुनने दे."

"चाची..." एवढंच म्हटलं. त्यांनी माझा दंड असा दाबला की बोटं उमटली. मी फोनला हात लावला. एकदा भलतंच काहीतरी दाबलं गेलं, मग लागलं. साहेब चोरपावलांनी दुकानात शिरला.

"आला बघ ठानेदार," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटत होता. "कंदील घेऊन आला. इकडं पाहते, तिकडं पाहते. आता सासूची काठी वाजली. आता हा घाबरला. आता कुठं लपू, कुठं लपू..."

मागं ट्रॉली आली. तिचं एक चाक करकरत होतं. मी आवाज वाढवला, फोनचाही आणि माझाही. "पडला! पडला बेसनात! पाय वर, डोकं खाली!" दोन माणसांनी चाचांना उचललं, चादर डोक्यापर्यंत ओढली. चाची ट्रॉलीच्या दांड्याला धरून उभ्या होत्या आणि आमच्याकडे पाहत होत्या. साहेब पांढराफटक होऊन कोटंब्यातून वर आला. शिपाई किंचाळले, फोनमधले लोक खदखदले, आणि माझा भाऊ हसला. मोठ्यानं, रोजच्याहून मोठ्यानं हसला. चाचींनी ते ऐकलं. मग त्या ट्रॉलीबरोबर चालायला लागल्या, दारातून बाहेर पडल्या, आणि उतारावरून करकर आवाज खाली खाली गेला.

मी बोलतच राहिले. भुताचं गाणं चालू होतं. एकाएकी ते बंद पडलं आणि फोन वाजायला लागला. ढाणकीहून मुलाचा फोन होता, काचेवर त्याचा फोटो आलेला. चाची फोन न्यायला विसरून गेल्या होत्या.

"उचल न ताई," भाऊ म्हणाला. "चाचीच्या घरचा असन. सांगून टाक त्यायले."

"काय सांगू?"

"चाचा गेले म्हून."

मी त्याच्याकडे वळले. तो माझ्याकडे पाहत होता. भलतीकडे नाही, माझ्याच तोंडाकडे.

"मले सकाळपासून दिसून राह्यलं," तो म्हणाला. "लय नाही, धुई पडल्यावानी. तुले सांगनारच होतो. पह्यले पोरीचा फोटो मागवू म्हटलं, मंग सांगू. तेवढ्यात चाचाच्या तोंडावर पांढरं घेतलं त्याईनं."

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. रागही आला, इतका की त्याला हाणावंसं वाटलं. "मंग हसला कायले रे मेल्या? माहीत असून हसला?"

"चाची आयकून राह्यली होती न."

फोन थांबला आणि पुन्हा वाजायला लागला. मी तो चिंधीतून सोडवला, पण उचलता येईना. इतके दिवस मनचं मनचं रचून सांगणारी मी, तेव्हा तोंडात शब्दच नव्हता. भावानं हात पुढं केला. चाचपडत फोन घेतला, मी बटन दाबून दिलं, त्यानं तो कानाला लावला.

"भाऊ, अम्मी खाली गेली. मी बाजूच्या खाटेवरचा बोलून राह्यलो." तो थांबला. श्वास घेतला. "अब्बा गेले तुमचे. आत्ताच. मी इथंच होतो त्यायच्यापाशी." पलीकडून काही आलं, मला नीट ऐकू आलं नाही. "नाही, नाही भाऊ. तरास नाही झाला. गाणं आयकत गेले. तुम्ही निघा लवकर."

त्यानं फोन माझ्या हातात दिला. मग त्यानं आपले हात स्वतःच एकमेकांत घट्ट धरून छातीवर दाबून ठेवले.

"तू जाय खाली," तो म्हणाला. "चाचीजवळ कोनी नाही. मी नाही उपटत सलाईन."

मी गेले.